नानांना न सापडलेला शब्द

आमच्या शेजारच्या वसंतनानांना बारशाला बोलवावं की नाही, यावर आमच्या धुळ्याच्या कॉलनीत आता घरोघरी विचार होतो. त्याला कारण समोरच्या पाटलांच्या नातवाचं बारसं. आत्याने बाळाच्या कानात नाव सांगितलं आणि मग मोठ्याने जाहीर केलं, "रियांश!" टाळ्या पडल्या. तेवढ्यात मागच्या खुर्चीतून आवाज आला, "थांबा. हा शब्द कोशात नाही."

पाटील कळवळून म्हणाले, "अहो नाना, नेटवरूनच काढलंय. सूर्याचा अंश."

"कुठल्या साइटवरून? नावांच्या साइटवर वाट्टेल ते लिहितात. मी आत्ताच संस्कृतचा कोश पाहिला, मराठीचा पाहिला. सूर्याचा पत्ता नाही, अंश कुठून काढलात?"

बाळाने भोकाड पसरलं. नाना म्हणाले, "बघा, त्यालाही पटलेलं नाही."

नाना मूळचे जळगाव शहरातले, नोकरीनिमित्त धुळ्याला आलेले. सरकारी कचेरीतून निवृत्त झाल्यावर माणसं देवदर्शनाला लागतात. नाना माहितीच्या साइटांना लागले. शब्दकोश, ज्ञानकोश, हवामान, रेल्वे, पिनकोड. "साइटवर पाहिलं का?" हा त्यांचा नमस्कार. उन्हाळ्यात बायका पापड वाळत घालण्याआधी आकाशाकडे न बघता नानांच्या गॅलरीकडे बघतात. जळगावला जाऊन गाडी धरायची असली की मीही त्यांनाच विचारतो. "गाडी अजून खंडव्यातच आहे, भाऊ. चहा घ्या," असं ते सांगतात आणि ते खरं निघतं. एकदा मात्र माझ्या पोटदुखीवर त्यांनी आजारांच्या साइटवरून असे काही शोध लावले की बायको रडायला बसली. डॉक्टरांनी ओव्याचं पाणी सांगितलं.

तर असे हे नाना एका दुपारी माझ्याकडे आले आणि खुर्चीत बसले.

"भाऊ," ते म्हणाले, "विसरलेला शब्द कोशात कसा शोधायचा?"

"अर्थ टाकून बघा."

"टाकला. अहिराणीच्याही दोन-तीन साइट पाहिल्या. शोधायला आधी शब्द यावा लागतो हो."

शब्द इंदुकाकूंचा होता. काकू, म्हणजे नानांच्या पत्नी, जाऊन दोन वर्षं झाली. त्यांचं माहेर साक्री रस्त्यावरच्या एका खेड्यातलं, बोली अस्सल अहिराणी. त्या हाक मारत, "जेवाले चला, बठ्ठं थंड व्हई ऱ्हायनं!" नाना आतून म्हणत, "'बठ्ठं' नाही, 'सगळं'. 'व्हई ऱ्हायनं' नाही, 'होतंय'." एवढं शिकवून होईपर्यंत जेवण खरोखरच थंड झालेलं असे. आम्ही भिंतीपलीकडून हसायचो.

"ऊन उतरलं की ती अंगणात पाणी मारायची," नाना सांगू लागले. "मग मला बाहेर बोलवायची. त्या वेळेला तिचा एक शब्द होता. मी म्हणायचो, संध्याकाळ म्हण, लोक हसतील. पुढे पुढे ती संध्याकाळ म्हणायला लागली. मग बोलवायचीच बंद झाली. मला वाटलं, सुधारली."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं एसटीने काकूंच्या माहेरी गेलो. तिथे त्यांची धाकटी बहीण, यमुनाबाई, दारात शेंगा फोडत बसली होती. नानांना बघून तिने घाईने पदर सावरला आणि अगदी बेतून बोलली, "या दाजी, बसा. बरे आहात ना?"

नाना अवघडून बसले. "आमच्याशी तुमच्याच बोलीत बोला ना, बाई."

ती संशयाने बघत राहिली. तिच्याही बोलण्यात नानांनी चुका काढलेल्या असणार. मग हळूच म्हणाली, "दाजी, आज आमनी बोली कशी काय याद उनी?"

नानांनी शब्दाचं सांगितलं. अंगण, पाणी, उतरलेलं ऊन, सगळं. यमुनाबाईने डोळे मिटून आठवून पाहिलं. "सांज म्हने का ती? दिन बुडना म्हने?" नाना दर वेळी मान हलवत राहिले. "ते नव्हे. ते नव्हे." शेवटी ती आईची आठवण काढत म्हणाली, "मायना एखादा जुना शब्द व्हई, दाजी. माले नही याद."

पण त्या निमित्ताने ती बोलत राहिली. बहिणीच्या लहानपणाचं, विहिरीचं, भांडणांचं. कित्येक शब्द मलाही कळले नाहीत. नानांना तर निम्मे कळले नसतील, पण त्यांनी एकदाही तिला थांबवलं नाही.

बसची वेळ झाली तसे नाना उठले. चपला घालता घालता त्यांनी घसा साफ केला आणि शाळेत कविता म्हणणाऱ्या पोरासारखे हात बाजूला सरळ धरून म्हणाले, "बाई, मी आखो येस शे." पुन्हा येईन, असं म्हणायचं होतं त्यांना.

यमुनाबाई खुदकन हसली. "येस शे नही, दाजी. येसू म्हना."

"येसू," नाना म्हणाले.

"हां. मी आखो येसू."

"मी आखो येसू," नानांनी म्हटलं. डोळे पुसले, आणि पुन्हा एकदा म्हणून दाखवलं.