बिनायूची बस

डिंभ्याची संध्याकाळची गाडी बंद झाली, तेव्हा गावाने ती परत सुरू करण्यासाठी रीतसर अर्ज केला. अर्ज मराठीत असल्यामुळे सगळ्यांना समजत होता; साहजिकच तो परत आला. सोबत खुलासा होता, की तालुक्यात 'इंग्रजी अक्षरविकास अभियान' सुरू झाले असून निवडक गावांना एकेक अक्षर दत्तक दिले आहे. आपले अक्षर कुठेही असलेला इंग्रजी शब्द शोधल्याखेरीज अशा गावाची कोणतीही मागणी विचारात घेतली जाणार नाही. दुसऱ्या गावाचे दत्तक अक्षर वापरायचे असल्यास त्या गावाचा ना हरकत दाखला जोडावा. उरलेली अक्षरे सर्वांना मोकळी.

डिंभ्याला क्यू मिळाला. यू शिनोलीला.

गाडी हवी होती हर्षालीला. ती घोडेगावला अकरावी शिकत होती, आणि संध्याकाळी गाडी आता जिथे सोडायची त्या शिनोलीहून डिंभ्यापर्यंत बिबट्याच्या वाटेने पोरीने एकटीने चालत यावं, हे तिच्या बापाला, बहिरूला, मान्य नव्हतं. त्याने एकदाच सांगितलं, "दिवाळीपत्तुर गाडी आली तर ठीक. न्हाईतर कालेज बंद, बस घरी."

गाव शब्दाच्या शोधाला लागलं. क्वीन सापडली, क्विक सापडला, चहाच्या पुड्यावरची क्वालिटीसुद्धा सापडली. पण प्रत्येक क्यूच्या मागे यू उभाच, नव्या नवरीच्या मागे करवली असावी तसा. शेवटी सरपंच दादाभाऊ दाखला मागायला शिनोलीला गेले.

"यू देतो की," शिनोलीकर म्हणाले, "पण पावणं, मागल्या लग्नात आमच्या मानसांना टावेल-टोपी कुठं दिली तुमी?"

दाखला मिळाला नाही. मग हट्टाला पेटलेल्या गावात पारावर, दुकानात, धरणाच्या भिंतीवर जो तो मोबाइलमध्ये डोकं घालून यू नसलेला क्यूचा शब्द धुंडू लागला. गाडी कशासाठी हवी होती हे कुणी विचारेनासं झालं.

शब्द सापडला तो हर्षालीलाच. फकीर! मोबाइलमधल्या इंग्रजी डिक्शनरीत तो चक्क क्यू घालून लिहिलेला होता, आणि यूचा पत्ता नव्हता. गावात फटाके वाजले. अभिनंदनाचा फ्लेक्स लागला. त्यावर दादाभाऊ, दादाभाऊंचे मेहुणे आणि गणेश मंडळाचे सगळे आधारस्तंभ होते. हर्षालीला खालच्या कोपऱ्यात, शुभेच्छुकांच्या शेजारी जागा मिळाली.

दादाभाऊ, हर्षाली आणि तिची आई लंकाबाई अभियानाच्या कक्षप्रमुखांकडे गेले. साहेबांनी शब्द तपासला.

"पात्र," ते म्हणाले. "आता मागणी सांगा. इंग्रजीत."

"बस," हर्षाली म्हणाली.

"स्पेलिंग?"

"बी, यू..." आणि ती थांबली.

"यू शिनोलीचा," साहेब हळहळून म्हणाले.

लंकाबाई पुढं झाली. "सायेब, आमच्या बसमधी यू न्हाईच. ब आन् स. दोनच तर अक्षरं हायेत."

"बाई, ती मराठी बस झाली. ती रस्त्यावर धावत नाही."

"न्हाई कशी? इतकी वर्सं तीच तर धावत व्हती!"

यावर साहेबांनी चहा मागवला. मात्र पात्र गावाला रिकाम्या हाताने पाठवायचे नाही, असा नियम होता. क्यू म्हणजे रांग; तिचे स्पेलिंग साहेबांनी विचारले नाही. तेव्हा डिंभ्याला रांग तत्काळ मंजूर झाली. गाडी मात्र यू असलेल्या शिनोलीपर्यंतच राहिली.

दिवाळीआधी डिंभ्याच्या थांब्यावर रांगेसाठी चकचकीत लोखंडी कठडे बसले. दादाभाऊंनी फीत कापली, आणि काही तरी मिळालं म्हणून लोकांनी टाळ्याही वाजवल्या. आता त्या कठड्यांवर लोक गोधड्या वाळत घालतात.

बहिरू बोलल्या शब्दाला जागला. हर्षालीला बिनायूची बस मिळाली. घरी बस.

आता ती दारात बसते, आणि येणारे-जाणारे थांबून तिला कौतुकाने विचारतात, "पोरी, फकीरसारखा आनखी एखादा न्हाई का गं सापडत?"

त्यांना हसू नका राव. मघापासून तुम्हीही मनातल्या मनात तोच शोधताय.