मामांची पानफुटी

सावळारामाचे सासरे लडकूमामा दिघाशीहून कामतघरच्या चाळीत राहायला आले, तेव्हा त्यांच्यासोबत कपड्यांची पिशवी आणि कुंडीतली पानफुटी एवढंच होतं. डोंगरातल्या कातळाच्या फटीत वाढणारी, जाड पानांची ती पानफुटी. सासूबाई गेल्यावर एकट्या पडलेल्या म्हाताऱ्याला लेकीनं, तुळजानं, मिनतवाऱ्या करून आणलं होतं. मामा इथं टिकतात की परत जातात, याचा नवराबायकोला घोर लागला होता. मामा दिवसभर त्या कुंडीपाशी गप्प बसत.

मामा दोन दिवस अंबाडीला लग्नाला गेले आणि सावळारामाला सेवेची हुक्की आली. पानांवर पांढुरकी भुकटी दिसत होती. यंत्रमागांच्या कामतघरात पांढरं दिसलं की ती लूमची उडती रुईच. भांडी, रेडिओ, पाहुणे, सगळं पुसावं लागतं. त्यानं ओल्या फडक्यानं एकेक पान लखलखीत केलं.

"अहो, रुई न्हाय ती! पानाचीच असते, उन्हापासून राखायला," तुळजा किंचाळली. "आमच्या डोंगरात कुठं लूम हायत?"

दुपारच्या उन्हात उघडी पडलेली पानं करपली. शेजारच्या खदीजाभाभी हळहळल्या, "प्यासा है बेचारा. पाणी द्या की!" सावळारामानं बादली ओतली. सकाळी पानं लिबलिबीत होऊन गळू लागली. उरलेल्या चारांवर त्यानं पुसला गेलेला पांढुरका थर परत आणायला तांदळाचं पीठ भुरभुरलं. पिठाला मुंग्या आल्या. मुंग्यांवर त्यानं पावडर टाकली. निदान तीही पांढरीच होती.

तेवढ्यात मामा दारात उभे राहिले. त्यांनी पानावर बोट फिरवून वास घेतला. सावळारामाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मामा, चुकलो. तुमचं मन रमावं म्हणून..."

तुळजा लगबगीनं दुधाचा पेला घेऊन आली. "बाबा, दमलात का? पंखा लावू? पाय चेपू?"

मामांनी गळलेलं एक धड पान उचललं, पुसलं आणि ओट्यावरच्या कोरड्या खडीत टेकवून ठेवलं.

"रुजंल," ते म्हणाले. "फकस्त कुनी हात लावू नका. पानी नको, पुसनं नको, रोज इचारनं नको."

"नाही लावणार," सावळाराम म्हणाला.

मामांनी लेकीच्या हातातल्या पेल्याकडं पाहिलं. मग जावयाकडं.

"आन् मी पन राहीन हितं," ते हळूच म्हणाले, "असंच ठेवलंत तर."

तुळजानं पेला मागं घेतला आणि गुपचूप स्वतःच पिऊन टाकला.