पिल्लाला पहिलं काळीज

एका जंगलात एक नदी होती आणि बाळांनो, ती फार स्वच्छ होती. तसा सरकारी कागदच होता.

नदीच्या वरच्या अंगाला कोल्होबाचा कारखाना होता. तिथं वाघसिंहांच्या नखांना धातूचा चकचकीत मुलामा देत. उरलेलं हिरवं पाणी नदीत सोडत.

खालच्या डोहात तानी नावाची पाणमांजर राहायची. तिला एकच पिल्लू, भुऱ्या. पाणमांजरांची रीत अशी, की मासा धरला की त्याचं काळीज आधी पिल्लाला. मऊ असतं, अंगी लागतं.

एक दिवस भुऱ्याचे पंजे थरथरू लागले. पोहताना तो एका बाजूला कलू लागला. पिल्लू पाठीवर घेऊन ती बगळेसाहेबांकडे गेली. नदी तपासायचं काम त्यांचं.

"साहेब, पाण्यात काहीतरी आहे. पोराकडे बघा की जरा."

"पोरं बघणं माझ्या खात्यात येत नाही," एका पायावर उभे राहून साहेब म्हणाले. त्यांनी नळीत पाणी भरून उन्हात धरलं. "बघ, कसं आरशासारखं आहे. धातू नावालासुद्धा नाही."

"मग कारखान्यातला जातो कुठं?"

"मासे घेतात ना. कल्ल्यांतून ओढतात, काळजात साठवतात. गुणी जात."

"आणि काळजातून पुढं?"

"पुढचं आम्ही तपासत नाही बाई. मासा म्हणजे काही पाणी नव्हे."

तानी भुऱ्याकडे बघतच राहिली. रोजचा पहिला घास तिनंच भरवला होता.

"साहेब, मासे तर तुम्हीही खाता."

"खातो की. कोल्होबा डोंगरापलीकडच्या तळ्यातले पाठवतो. फार माणुसकी आहे त्याच्यात."

तानीनं तिथंच एक मासा धरला, त्याचं काळीज ओढून काढलं आणि साहेबांच्या पायाशी पाण्यात भिरकावलं.

साहेबांनी दुसरा पाय खाली टेकला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"नदीत धातू टाकतेस?"

लगेच पंचनामा झाला. नदी घाण करणारी सापडली म्हणून कोल्होबानं पेढे वाटले. तानीला पिल्लासकट डोंगरापलीकडे हाकलून दिलं.

तिथं ते तळं होतं. तानीनं मासा धरला. काळीज लांब फेकलं आणि शेपटीकडचं मांस भुऱ्याला भरवलं. महिन्याभरानं तो सरळ पोहू लागला.

डोहातल्या आया अजून म्हणतात, "कसली आई ती. पोराच्या तोंडचं काळीज फेकते." आणि आपापल्या पिल्लांना पहिला घास भरवतात.

तात्पर्य : बाळांनो, आईला सांगा, नदी घाण करून स्वतःला हाकलून घे. कागदावर स्वच्छ असलेल्या नदीत पोरं फार दिवस पोहत नाहीत.