देवळाची डागडुजी

हुबेहूबकाकांचं म्हणणं असं, की त्यांनी केलेली नक्कल आणि मूळ चित्र शेजारी शेजारी टांगलं, तर खुद्द मूळ चित्रकारही चुकीचंच चित्र काखेत मारून घरी जाईल. म्हणूनच सगळे त्यांना हुबेहूबकाका म्हणत. खरं नाव आठवायला काकूंनाही क्षणभर लागायचं. जुन्या चित्रकारांनी रंगवलेल्या पुरातन देवळांच्या नकला हातानं करायच्या, हा काकांचा धंदा. मूळ चित्रातल्या भिंतीवर शेवाळाचे सात डाग असतील, तर काकांच्याही चित्रात सातच. आठवा काढला तर पाप आणि सहावर थांबलं तर चोरी!

हे पुण्यकर्म चालायचं स्वयंपाकघरात, कारण घरात दुसरी खोलीच नव्हती. "अहो, देऊळ जरा सरकवा, साखर काढायचीय," हे काकू झोपेतसुद्धा म्हणायच्या. भाजीला टर्पेंटाइनचा वास आला नाही, तर काका विचारायचे, आज फोडणी राहिली का?

यावर उपाय म्हणून त्यांनी नव्या बिल्डिंगमध्ये, लॉबीच्या बरोबर वर, एक फ्लॅट घेतला होता. त्यात चित्रांसाठी वेगळी खोली होती. पैसे केव्हाच भरून झाले होते, पण बिल्डर काही ताबा देईना. आज लिफ्ट व्हायचीय, उद्या सही व्हायचीय, परवा साहेब बाहेरगावी. त्याच्या ऑफिसात खेटे घालून घालून काकूंच्या चपला झिजल्या.

आणि एके दिवशी बिल्डरनंच काकांना बोलावलं. लॉबीत लावायला भारदस्त, जुनं देऊळ हवं होतं. चित्र भिंतीवर लागलं, की किल्ली हातात.

काकांनी जीव ओतला. कुणा फिरस्त्या चित्रकारानं फार पूर्वी काढलेलं एक देऊळ त्यांनी निवडलं. खांब आडवे झालेले, छप्पर गायब, भिंतीला ही मोठी भेग, भेगेत उगवलेलं झुडूप, पायरीवर टेकलेला गुराखी आणि चार शेळ्या. शेळ्यांच्या दाढीचा केस न् केस मोजून घ्यावा!

बिल्डर चित्रासमोर बराच वेळ उभा राहिला. काकांना वाटलं, गहिवरला.

"काका, हे पडलंय की हो."

"साहेब, मूळ चित्रातच पडलंय."

"मग उभं करा! गिऱ्हाईक लॉबीत शिरलं की पहिलं काय बघणार? पडलेलं बांधकाम. आणि वर माझ्या नावाची पाटी."

जुनं म्हणजे पडकं असतं, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. त्याला जुनं हवं होतं, पण नव्यासारखं. काका तरातरा घरी आले आणि म्हणाले, मोडेन पण वाकणार नाही. काकू म्हणाल्या, मोडा नाहीतर वाका, पण काय ते नव्या घरात जाऊन.

झालं! काकांनी दातओठ खाऊन त्याच चित्रावर रंग चढवला आणि खांब उभे केले. बिल्डर खूश झाला आणि बोट दिलं तर त्यानं मनगट धरलं. छप्पर घाला म्हणाला. भेग बुजवा म्हणाला. झुडूप काढून कुंडी ठेवा. हा पायरीवर कोण बसलाय, त्याला टोपी घालून वॉचमन करा. शेळ्या म्हटलं की लेंड्या आल्या, तेव्हा शेळ्यांच्या जागी हिरवळ. रोज घाई, म्हणून खालचा रंग वाळायच्या आत वरचा. सगळं झाल्यावर तो म्हणाला, कळस कुठाय? आता त्या देवळाला मुळातच कळस नव्हता. पण मूर्खपणाचा कळस झाला होता, तोच काकांनी उचलून देवळावर बसवला.

किल्ली मिळाली. काकूंनी नव्या घरात पहिल्याच दिवशी साखरेचा डबा उगाचच चारदा काढला नि ठेवला. काकांचे मात्र रंगकामाच्या खोलीत ब्रश कोरडे पडले. लॉबीतून जाताना मान खाली. कुणी चित्राचं कौतुक केलं, की चोरी पकडल्यासारखा चेहरा. हुबेहूब हा शब्द त्यांच्या तोंडून पार गेला. आपणच त्यांना वाकवलं, हे काकूंना आतून खात होतं.

अशात त्यांच्या बाथरूमचा नळ गळायला लागला. बांधकाम असं पक्कं, की ठिबकलेला थेंब न् थेंब थेट लॉबीच्या भिंतीत. चित्राच्या पाठीशी ओल धरली आणि घाईत दिलेला वरचा रंग सुटायला लागला. सगळ्यात आधी कळस पडला. मग छप्पर गेलं. एका सकाळी वॉचमनची टोपी उडाली आणि खाली आपला गुराखी जसाच्या तसा बसलेला! कुंडीच्या जागी झुडूप डोकावलं, भेग उघडली, हिरवळीतून पहिली शेळी बाहेर आली. आज कोण निघालं, हे बघायला बिल्डिंगमधली पोरंटोरं आणि म्हातारेकोतारे चहाच्या आधी लॉबीत जमू लागले. काकाही जमू लागले. पुढे पुढे मान वर करून.

तिसरी शेळी निघाली त्या दिवशी बिल्डर धावत आला.

"काका, वाट लागली! ताबडतोब डागडुजी करा याची!"

काकांनी चष्मा पुसला. चित्र जवळून पाहिलं, लांबून पाहिलं. कित्येक महिन्यांनी त्यांची छाती फुगली.

"चित्र हुबेहूब आहे, साहेब. डागडुजी भिंतीची करा."

लॉबीत हशा पिकला. बिल्डर दातओठ खात गेला, पण जाताना सांगून गेला, की ओल तुमच्याच बाथरूममधून येतेय, भिंतीचं नंतर बघू, आधी तुमचा नळ बघा.

म्हणणं रास्त होतं. काका वर आले, पाना शोधला, बाह्या सरसावल्या आणि बाथरूमकडे निघाले. दारात काकू आडव्या उभ्या. आत नळ चांगला धो धो सोडलेला.

"अगं, हा गळत होता ना? सोडलास कशाला?"

"नुसत्या गळण्यानं काय होतंय?" काकू पाना काढून घेत म्हणाल्या. "एक शेळी अजून राहिलीय."