एडिटर फार खातो

"अप्पा, खाण्याला पण काही लिमिट असतं. अर्ध्याच्या वर मेमरी एकटा एडिटर खातोय."

"अरे, पण आजवर चाललंच ना त्याच्यावर?"

"चाललं नाही, रखडलं. आज उडवतोच त्याला."

ऑफिसचा कॉम्प्युटर सांभाळणारा बारक्या तापला की त्याचा आवाज भिंतींना जुमानत नसे. अप्पांच्या साप्ताहिकाचा अंक संध्याकाळपर्यंत छापखान्यात पोचला नाही, तर या आठवड्याचा अंकच बुडणार होता. आणि इथे कॉम्प्युटरवर एक अक्षर उमटेपर्यंत माणसाला जांभई येऊन जायची. आतला पंखा तर टेबलासकट उडायच्या बेतात. दोष सगळा लिहायच्या सॉफ्टवेअरचा, टेक्स्ट एडिटरचा. पण बारक्या त्याला नुसता 'एडिटर' म्हणायचा. आणि पार्टिशनपलीकडे साप्ताहिकाचे हाडामांसाचे एडिटर, म्हणजे बारक्याचे भावोजी, डबा खात बसले होते. त्यांचा घास वाटेतच थांबला.

बारक्याचं चालूच. चार ओळी लिहायच्या तर एवढा पसारा कशाला, सकाळी सुरू व्हायलाच याला अर्धा तास, नवा बघून ठेवलाय, हलका आहे, चपळ आहे, वर फुकट.

'फुकट' ऐकून अप्पा विरघळले. लगेच काढ म्हणाले. भावोजींनी डब्याचं झाकण लावलं आणि फोन हातात घेतला.

तेवढ्यात भावोजींची बायको, म्हणजे बारक्याची ताई, जाहिरातींचे कागद घेऊन दारात आली.

"आणि अप्पा," बारक्या सांगत होता, "समोर दिसतो त्यावर जाऊ नका. पाठीमागे याचं काय काय चालू असतं, पत्ता लागत नाही."

ताई तडक पार्टिशनपलीकडे. काय चालू आहे, कधीपासून, कोण ती, सगळं एका दमात. भावोजी आधी पांढरे पडले, मग लाल झाले. मी सॉफ्टवेअरचं बोलत होतो, असं बारक्या घसा फोडून सांगत होता, पण ऐकतंय कोण.

"बाई-बिई कोणी नाही गं," भावोजी हात जोडून म्हणाले. "दुसऱ्या पेपरात नोकरीचं बोलणं चालू होतं. हो म्हणायला जीव होत नव्हता. पण आता अप्पाच मला काढतायत म्हटल्यावर हो कळवून टाकलं. आत्ताच. आजपासूनच या म्हणाले."

ताईचा जीव भांड्यात पडला. अप्पांचा भांडं सोडून बाहेर सांडला.

"मग आजचा अग्रलेख कोण लिहिणार?" अप्पांनी विचारलं आणि हळूहळू बारक्याकडे मान वळवली. "अरे, सोपं असतं ते. शाळेतल्या निबंधासारखं."

बारक्याने शाळा सोडली होती ती निबंधाच्याच धाकाने.

"अप्पा," तो एका पायात चप्पल अडकवत म्हणाला, "मला आता निघायला हवं."