नानांचे तीन साक्षीदार

नाना मुळे भेटले की आधी तुमचं मनगट धरत आणि मग "काय म्हणतोस?" विचारत. उत्तर येईपर्यंत त्यांची नजर भिंतीवरच्या घड्याळावर असे. उत्तराशी त्यांना फारसं कर्तव्य नव्हतं. ते वैद्य नव्हते, आमच्या दफ्तरात हेडक्लार्क होते, आणि माणसांची भीती मोजत.

मुंगावलीच्या शाळेतून शिकून, घरातला पहिला पदवीधर होऊन मी लष्कर या शहरात, संस्थानच्या जुन्या राजधानीत, नोकरीला आलो, तेव्हा ते संस्थान विलीन होऊन काही वर्षं झाली होती. मला खोली नानांनी मिळवून दिली. मसुदा कसा लिहावा, हे नानांनी शिकवलं. त्यांचे उपकार मी आजही मानतो. पण हातात तातडीची फाइल असताना कुणी मनगट धरून "हलू नकोस, बीए" म्हटलं, तर उपकार आठवायला जड जातं.

याचं मूळ साहेबांच्या घंटीत होतं. दरबारच्या काळात साहेबांसमोर उघड्या डोक्यानं जायची सोय नव्हती. आतून घंटी वाजली की कारकून आधी खुंटीवरची पगडी डोक्यावर चढवत आणि मग उठत. पुढे ते साहेब गेले, पगड्या गेल्या, खुंट्यांवर छत्र्या आल्या. नवे साहेब इंदूरकडचे, मऊ स्वभावाचे, स्वतःच बोडके. ते बिचारे पाणी मागवायला घंटी वाजवत, आणि बाहेर जुन्या सात कारकुनांचे हात डोक्याकडे जात. त्यांचं बघून वर्षभरात माझाही जाऊ लागला. मी तर पगडी कधी घातलीच नव्हती!

हे हेरलं त्या दिवसापासून नानांनी दफ्तराला सुख लागू दिलं नाही. त्यांनी एक वही केली. तीत तीन रकाने: जीभ, नाडी, हातपाय.

"हे तीन साक्षीदार," ते म्हणत. "सोळा छटाकांचा शेर होतो ना? तसंच नाडीचे इतके ठोके म्हणजे हातपायांची इतकी हालचाल, आणि तेवढीच तोंडची भीती. ताळा बसलाच पाहिजे."

ताळा बसेना. रेकॉर्डकीपर जाधव मिशीवर हात फिरवून म्हणाले, "आम्ही शिलेदारांची मुलं. आम्हाला कसली भीती?" आणि नाडी घोड्यासारखी दौडत होती. उलट जोशीबुवा "नाना, मैं तो मर गया" म्हणून रोज कण्हत, आणि त्यांची नाडी झोपलेल्या बाळासारखी.

एका शनिवारी साहेब दौऱ्यावर होते. नानांनी आत रामसिंग चपराशाला बसवून चाळीसदा घंटी वाजवायला लावली आणि बाहेर माझं मनगट धरून बसले. विसाव्या घंटीच्या आसपास माझी नाडी निवली. दुसरा हात मात्र शेवटपर्यंत डोक्याकडे जात राहिला.

"नाना, मला काम करू द्या!"

"मग मी काय करून राहिलोय? साहेब दौऱ्यावर आहेत हे तुझ्या नाडीला कळलं. हाताला कुणी सांगितलं नाही का?"

सोमवारी पहिल्याच घंटीला माझी नाडीही पुन्हा उधळली. नानांनी कपाळावर हात मारून घेतला. "तिघं एका घरात राहतात रे, पण एकमेकांशी बोलत नाहीत!"

मग राज्यांची नव्यानं मांडणी झाली. राजधानी भोपाळला ठरली. आमच्या शाखेतल्या एकानं तिकडे जायचं होतं, आणि मी सगळ्यांत धाकटा.

त्याच वर्षी मी आईला मुंगावलीहून आणलं होतं. तिला दिसत नव्हतं. खोलीपासून विहिरीपर्यंतची आणि देवळापर्यंतची पावलं तिनं मोजून मोजून कशीबशी पाठ केली होती. पण सरकारी नोकरीत 'नाही' कसं म्हणतात, हे आमच्या घरात कुणी शिकलंच नव्हतं. साहेबांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, "जाईन, साहेब. काहीच हरकत नाही."

नाना शेजारीच उभे होते. त्यांनी सवयीनं माझं मनगट धरलं आणि सोडलं.

"साहेब, जीभ जातो म्हणते. नाडीही शांत आहे. पण भोपाळची नोटीस लागून आठ दिवस झाले, हा नोटीसबोर्डासमोरून जात नाही. मागच्या गोदामाला वळसा घालून येतो. मी पायांचं ऐकतो. याच्याऐवजी मला पाठवा."

मी संतापलो. साहेबांसमोर माझा पाणउतारा केल्यासारखं झालं. नंतर व्हरांड्यात मी त्यांना वाटेल ते बोललो. नाना वहीला दोरा गुंडाळत शांतपणे म्हणाले, "मला काय, सडाफटिंग माणूस. लष्कर काय नि भोपाळ काय."

त्यांना पोचवायला मी स्टेशनवर गेलो. एक ट्रंक, एक वळकटी. गाडी फलाटाला लागली. नाना चढले, दारात थांबले आणि खिशातून तिकिटं काढली. दोन.

"हे तुझं. झाशीपर्यंत. परतीचंही त्यातच आहे. दुपारच्या गाडीनं ये. आईजवळ जाधवांची मंडळी बसणार आहेत, सांगून आलोय."

"नाना! आज कामावर जायचंय मला. मी रजा टाकलेली नाही."

"मी टाकलीय. सही तेवढी कर."

मी चिडून त्यांच्याकडे पाहिलं. ते वळकटीचा पट्टा उगाच घट्ट करत होते.

"मी इथल्या जवळच्या डबरा स्टेशनाच्या पुढे कधी गेलो नाहीये रे," ते पट्ट्याकडे बघतच म्हणाले.

त्यांनी अर्ज पुढे केला. नानांचं वळणदार अक्षर, समास सोडलेला, सगळं नियमाप्रमाणे. रजेचं कारण लिहिलं होतं: 'घरचं माणूस परगावी निघालं आहे, सोबत जायचं आहे.'

मी ट्रंकेवर कागद ठेवून सही केली आणि डब्यात चढलो.