बारा हजार जासूद नदीकाठी अडकले, त्याची हकीकत

श्री. प्रथम विघ्नहर्त्यास वंदन, त्याउपर सरस्वतीस, त्याउपर विजेस, कारण ती गेली असता पुढील हकीकतीतील काहीच घडत नाही, आणि जो वाचणार शेवटापावेतो बसेल त्यास विशेष वंदन. शके १९४२, शार्वरी नाम संवत्सर, चैत्र शुद्ध दशमीस महाराजांची आज्ञा जाहली की, गतसाली आपले राज्यात पत्राच्या खेळाचे प्रकरण घडले, त्याची ज्याच्या त्याच्या तोंडी निराळी कथा होऊन बसली आहे, तरी कोणी पाहिल्याप्रमाणे लिहून ठेवावे. सेवकाने पाहिले ते लिहितो. सेवक स्वतः त्या नदीकाठी तीन महिने उभा होता, सबब यात ऐकीव फारसे नाही.

तर राज्यात चाल ऐसी होती की, प्रत्येकापाशी एक काचपाटी असे, आणि कारखान्यात नवा खेळ तयार जाहला म्हणजे तो आकाशमार्गे पाटीवर उतरवून घेत, ज्यास प्रजा डाउनलोड म्हणे, आणि पैसे एकवार दिले की संपूर्ण खेळ घरी येई. त्या कारखान्याचे मुख्य सिदोजी चितारी. मनुष्य अबोल, अंगरख्यास सदा रंग लागलेला, परंतु हात ऐसा की त्यांनी काढलेल्या वडाखाली जाऊन बसावेसे वाटे. त्यांनी चाळीस कारागीर घेऊन सात वर्षे खपून एक खेळ रचिला. सरहद्दीच्या ठाण्यावर एक शिपाई आहे, तो घरी बायकोस पत्र लिहितो, लाखोट्यावर मोहर करितो, आणि खेळणारा जो तो जासूद होऊन ते पत्र पोचवावयास निघतो. मग घाट लागतो, मग अरण्य, मग बाजार, मग नदी, आणि नदीपलीकडे शिपायाचे घर. पत्रात काय लिहिले ते घरी पोचल्यावाचून कळावयाचे नाही. कारागिरांसही ठाऊक नव्हते. ते सिदोजींनी एकट्याने लिहिले होते, आणि कोणी पुसले तर म्हणत, "पोचवा, मग कळेल."

त्याच सुमारास दिवाणगिरीवर विसापंत जकाते आले. त्यांची उमर जकात नाक्यांवर गेलेली, आणि गाडीत काय आहे हे न पाहता गाडी सोडली तर त्यांस अन्न गोड लागत नसे. लाचखाऊ नव्हते, दुष्टही नव्हते, हे आधीच लिहून ठेवितो, कारण पुढे वाचणाराचा राग त्यांजवर जाईल. त्यांनी खेळ ऐकून घेतला आणि आश्चर्य करून बोलिले की, "एवढी लांब वाट, आणि नाका एकही नाही?" मग त्यांनी खेळाचे पाच तुकडे करविले, आणि प्रत्येक तुकड्यास निराळी किंमत लाविली, आणि त्यातही घोडा निराळा, खोगीर निराळे, घोड्याचे नाल निराळे, पागोटे निराळे, छत्री निराळी. सेवकाने हौसेने छत्री घेतली, आणि पुढे कळले की पाऊस निराळा घ्यावा लागतो. गोंदाजी नालबंद म्हणून आमचे पेठेत आहेत, ते तर नाल खरेदी करिताना मोठ्याने हसले आणि म्हणाले, "जन्मभर दुसऱ्याच्या घोड्यास नाल ठोकले, पैसे टाकून नाल घेतले ते आजच. आणि घोड्यास हात लावावा तर काच!" तरी सर्वांनी घेतले, कारण घाट सुंदर होता आणि पत्र कमरेस होते. एकदा कमरेस पत्र आले म्हणजे मनुष्यास मागे फिरवत नाही.

आता अडचण कोठे आली ते सांगतो. विसापंतांनी दोन नियम नाक्यावरून जसेच्या तसे आणिले. पहिला ऐसा की, मागील नाक्याची पावती आल्यावाचून पुढील नाका उघडणे नाही. म्हणोन ठरले की, बारा हजार लोकांनी चौथा तुकडा पुरा केला म्हणजेच पाचवा विक्रीस काढावा. दुसरा ऐसा की, होडीची जकात होडी ज्या काठी उतरते त्या काठी घ्यावी. आता नदी चौथ्या तुकड्यात, आणि पलीकडचा काठ पाचव्यात, तेव्हा कारकुनांनी होडी पाचव्या तुकड्याच्या यादीत घातली आणि चौथ्यातून काढून घेतली. कोणी उलट पुसले नाही. जकातखात्यात उलट पुसावयाची चालच नव्हती. आणि चौथा तुकडा विक्रीस निघाला, आणि आषाढ लागता लागता बारा हजार जासूद घोड्यांसह, नालांसह, छत्र्यांसह नदीकाठी येऊन उभे राहिले, आणि होडी नाही.

त्या काठावर सर्व एकमेकांस दिसत आणि बोलत. पहिल्या पंधरवड्यात आरडाओरड जाहली, मग लोक निवळले, मग गाव कोणता, पाहुणे कोणाचे हे सुरू जाहले, आणि दोन सोयरिकीही त्या काठावर ठरल्या. परंतु दरबारी दर आठवड्यास यादी जाई, तीत लिहिलेले असे की, चौथा तुकडा पुरा करणारे शून्य. विसापंत यादी पाहून म्हणत, "लोक आळशी आहेत." मग त्यांनी हुकूम केला की, दसऱ्यापावेतो बारा हजार पुरे न जाहल्यास खेळ बंद करावा, पाट्यांवरून काढून घ्यावा, आणि कारखान्यास कुलूप घालून कारागीर घरी पाठवावे. हे ऐकून सिदोजी कचेरीत गेले. पाचवा तुकडा तयार होऊन जामदारखान्यात पडला होता.

सिदोजी बोलिले, "पंत, होडी द्यावी."

"होडी पाचव्यात आहे."

"मग पाचवा काढावा."

"चौथा पुरा जाहला म्हणजे काढू. मी कोठे नाही म्हणतो?"

"होडीवाचून चौथा पुरा कसा होईल?"

विसापंतांनी वही पाहिली, आणि पुन्हा पाहिली, आणि शांतपणे म्हणाले, "ते खेळणारांनी पाहावे, सिदोजी. नियम दोन्ही बरोबर आहेत."

मग सिदोजी महाराजांपुढे गेले. महाराजांनी अर्ज ऐकून घेतला, आणि इकडे तिकडे पाहून हळूच म्हणाले की, "आम्हीही काठावरच आहो. आम्ही पाऊससुद्धा घेतला." परंतु जकातीच्या कामात गादीने हात घालू नये ऐसी थोरल्या महाराजांची शपथ होती, ती मोडवेना. महाराजांनी एवढेच पुसले की, पत्रात काय आहे ते आम्हांस तरी कानात सांगावे. सिदोजींनी हात जोडिले आणि सांगितले नाही. बाहेर येऊन ते कारखान्याच्या पायरीवर बसले. सात वर्षांचे काम दसऱ्यास पुसले जाणार, चाळीस घरांची चूल थंडावणार, आणि बायकोस नवऱ्याचे पत्र मिळणार नाही, याचे त्यांस अपार दुःख जाहले. ती बायको त्यांनीच काढलेली होती, तरी जाहले.

दसऱ्यास दहा दिवस उरले तेव्हा सिदोजींनी मनाशी ठरविले की, पोचत नाही तर पोचत नाही, निदान एवढे लोक वाट पाहात उभे आहेत त्यांस तरी मजकूर कळावा. मग ते स्वतः पाटीत उतरून नदीकाठी आले, आणि उंच दरडीवर उभे राहून सर्वांस ऐकू जाईल ऐसे बोलिले की, "मी खेळ करणारा. खेळ बंद होणार. माझ्या हुकुमाने मोहर फोडा आणि पत्र वाचा, मी दोष देणार नाही." सेवक तेथेच होता, आणि खरे लिहावयाचे तर सेवकाचा हात लाखोट्यावर गेला. तों गोंदाजी नालबंद पुढे आले आणि म्हणाले, "नाही जमायचं, सिदोजी."

सिदोजी म्हणाले, "का बरे? पैसे भरलेत तुम्ही. पत्र तुमच्याच कमरेला आहे."

"कमरेला आहे, पण माझं नाही. वरती त्या बाईचं नाव आहे. फोडायचं असतं तर घाटातच फोडलं असतं, एवढं चाललो कशाला? तुम्ही बंद करा खेळ, आम्ही असेच उभे राहू. पण दुसऱ्याच्या बायकोचं पत्र मी वाचणार नाही, मग ती रंगाची का असेना." आणि मागून मान्यतेचा गलबला उठला, आणि सेवकाने हात काढून घेतला, आणि सिदोजी खाली मान घालून परत गेले.

ते तडक विसापंतांकडे गेले आणि घडले ते सांगितले. विसापंतांची लेखणी थांबली. "एकानेही फोडले नाही?"

"एकानेही नाही."

"बारा हजारांत?" विसापंतांनी वही मिटली. "माझे नाक्यावर दहांत चार गाठोडी माझ्यापावेतो येण्याआधीच सुटलेली असत. हे मी पाहिल्यावाचून मानणार नाही."

मग विसापंतांनी, ज्यांनी उभ्या जन्मात खेळ म्हणोन काही खेळले नाही, एक काचपाटी आणविली आणि स्वतः जासूद होऊन निघाले. दिवाण म्हणोन फुकट जावे हे त्यांस मान्य नव्हते. पहिला तुकडा घेतला, घोडा घेतला, खोगीर घेतले, नाल घेतले, आणि अरण्यात पोचेपावेतो म्हणू लागले की, "खिशातून हात काढावयास सवड नाही, हे दर कोणी लाविले?" कारकुनांनी दरपट्टीखालची त्यांचीच सही दाखविली. सातवे दिवशी ते नदीकाठी आले. त्यांस तेथे कोणी ओळखले नाही. गोंदाजी जवळच घोडा बांधून बसले होते, त्यांस विसापंतांनी पुसिले की, होडी कोठे मिळते.

"पाचव्यात."

"मग पाचवा घ्यावा."

"चौथा पुरा केल्याशिवाय देत नाहीत."

"मग चौथा पुरा करावा."

"होडीशिवाय?" गोंदाजींनी त्यांजकडे नीट पाहिले. "नवे दिसता. बसा, दगड मोकळा आहे. पाणी घ्या, त्याला पैसे पडत नाहीत, नदीचं आहे. दिवाणजींच्या ध्यानात यायचं राहिलं असेल."

विसापंत त्या दगडावर बसले. पुढे पाणी, मागे बारा हजार माणसे, आणि प्रत्येकाचे कमरेस लाखोटा, आणि मोहर शाबूत. ते एकेकाची मोहर पाहात फिरले, जैसे नाक्यावर फिरत, आणि दोनशेवर मोजल्यावर मोजणे सोडून दिले, आणि पुन्हा दगडावर येऊन बसले. सेवक चार हातांवर होता. त्यांचे ओठ हलत होते, आणि ते दोन्ही नियम मनात म्हणत असावे ऐसे सेवकास वाटले. दुसरे दिवशी कचेरी उघडताच त्यांनी वहीत एक ओळ घातली की, होडीची जकात यापुढे होडी ज्या काठावरून सुटते त्या काठी घ्यावी. बस इतकेच. होडी चौथ्या तुकड्यात आली, माणशी दोन आणे, आणि लोकांनी दोन आणे ऐसे आनंदाने टाकिले की जन्मात कधी टाकिले नसतील, आणि होडी सुटली की चौथा पुरा मानीत, म्हणोन दुपारपावेतो बारा हजार होडीत बसून पुरे जाहले आणि पाचवा तुकडा उघडला.

आता पाचव्याची दरपट्टी बाकी होती. विसापंत वही घेऊन बसले आणि सिदोजींस यादी पुसली. सिदोजी म्हणाले, "अंगण, उंबरा, दार, पाण्याचा तांब्या, एक पान जेवण." विसापंतांनी लिहून घेतले, आणि न पाहता दर लावणे नाही म्हणोन तसेच पाटीत उतरले, आणि सर्वांआधी नदीपार होऊन त्या घरी गेले. बाकीचे आपआपल्या होडीतून मागे येत होते, आणि प्रत्येकास ते घर मिळणारच होते. सेवकाने पुढले सर्व आपलेही पाटीवर पाहिले, कारण सर्वांस तेच घडले.

शिपायाची बायको दारात आली. वयाने तिशीची, हातास पीठ. तिने हात पुसून लाखोटा घेतला, मोहर पाहिली, फोडली, आणि मोठ्याने वाचू लागली. "घरी आशीर्वाद. मी खुशाल आहे. हे पत्र ज्याने आणिले तो फार लांबून चालत आला असेल. आधी त्यास जेवू घाल. पुढले मग वाच." आणि ती तेथेच थांबली, पत्र मिटून कनवटीस लाविले, आणि म्हणाली, "या, आत या. हात धुवा. भाकरी गरम आहे." आणि पान मांडले.

विसापंतांपुढे वहीत जेवणाचा रकाना उघडा होता आणि लेखणी हातात होती. सिदोजी शेजारी उभे होते, आणि त्यांचे डोळे भरून आले, आणि त्यांनी ते लपविले नाहीत. विसापंतांनी लेखणी खाली ठेविली. पाटीतील पानावर भाकरी, पिठले आणि कांदा होता, ते सर्व त्यांनी सावकाश संपविले, आणि ती बाई "अजून घ्या" म्हणाली तेव्हा अजून घेतले. मग ते उठले, आणि जाताना मागे पाहिले, तों ती भिंतीकडे तोंड करून उरलेले पत्र वाचीत होती. त्यात काय होते हे त्यांनी सिदोजींस पुसले नाही. आणि किमतीच्या रकान्यात काहीच लिहिले नाही.

एकंदर ऐसे जाहले की, चाळीस घरांची चूल राहिली, सिदोजींनी दुसरा खेळ आरंभिला, आणि खेळ आजही राज्यात तुकड्यांनीच विकतात, आणि पाऊस अद्याप निराळाच घ्यावा लागतो. त्या घरी मात्र आजवर एक लक्ष चौदा हजार माणसे जेवून गेली, आणि कोणापासून पैसा घेतला नाही. इतके पाहिले, इतके लिहिले. सेवकही जेवला.